जुन्या बाजारात वन्सं

दूध तापवून झाल्यावर पुन्हा अंथरुणात शिरणं हे प्रमिलाबाई शेट्यांच्या मते आळशी बाईचं लक्षण. हे लक्षण गेल्या श्रावणापासून दर रविवारी त्यांच्या स्वतःच्याच अंगी दिसतं आहे. गॅस बंद करायचा, पातेल्यावर झाकण तिरपं ठेवायचं, आणि घर उठायच्या आत गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची. जागं राहिलं की रविवार दिसतो, आणि रविवार दिसला की जुना बाजार आठवतो. त्यापेक्षा झोप स्वस्त पडते.

आज मात्र तीही स्वस्तात मिळेना. केतकीचं, त्यांच्या सुनेचं, काल संध्याकाळचं वाक्य उशीत खड्यासारखं टोचतं आहे. "आई, तुम्ही आलात तरच मी उद्या बाजारात जाईन. नाहीतर होळीच्या ऑर्डरी मी परत करते."

केतकी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. होळी तोंडावर आली आहे आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या पुरणयंत्राचा दांडा भर डाळीत मोडला आहे. मागच्या रविवारी ती एकटीच जुन्या बाजारात गेली. एका पथारीवर तिला जुनं, जड, पितळी पुरणयंत्र दिसलं. आता असली वस्तू दिसल्यावर शहाण्या माणसानं आभाळाकडे बघावं, शेजारच्या नळाच्या तोट्या बघाव्यात. केतकीनं दोन्ही हात गालांवर ठेवले आणि म्हणाली, "अय्या, किती गोड." विकणारा काही काल जन्मलेला नव्हता. त्या एका 'अय्या'वर त्यानं असा भाव सांगितला की बाई रिकामी पिशवी आणि लाल नाक घेऊन घरी आल्या.

यावर प्रमिलाबाई हसल्या होत्या. पण 'चला' म्हटल्यावर त्यांचं उत्तर एकच. "मला नाही जमायचं."

आणि ते खरंच होतं. उभ्या हयातीत त्यांनी एकटीनं कधी भाव केलाच नव्हता. ते खातं वन्संचं. अंबूताई, म्हणजे प्रमिलाबाईंच्या थोरल्या नणंद, ऐन तरुणपणी कुंकू पुसलं गेल्यावर माहेरी येऊन राहिल्या त्या कायमच्या. नणंद-भावजयीत विस्तव जात नाही म्हणतात. यांच्यात बाजार जायचा. दर रविवारी दोघींची जोडी जुन्या बाजारात, आणि नियम एकच. ज्याला वस्तू आवडली त्यानं तोंड उघडायचं नाही. आवडायचं काम प्रमिलाबाईंचं. आवडलं की त्या कानाची पाळी चाचपायच्या आणि लांब जाऊन कंटाळलेला चेहरा करून उभ्या राहायच्या. मग वन्सं भलत्याच वस्तूचा भाव विचारायच्या, ती खाली टाकायच्या, दुसरी उचलायच्या, आणि जाता जाता हवी ती वस्तू चपलेच्या टोकानं सरकवून म्हणायच्या, "आणि ही अडगळ कशाला मांडलीय?" घरातलं अर्धं स्वयंपाकघर असं अडगळ म्हणून आलेलं आहे.

श्रावणात वन्सं गेल्या. आवडणं मागे राहिलं आणि भाव करणारं तोंड गेलं. एका पारड्याचा तराजू घेऊन बाजारात जाऊन करायचं काय?

गोधडीत ऊब धरते. खालून पेपरवाल्याची सायकल जाते. केतकी उठली वाटतं, तिच्या बांगड्या वाजतात. मग त्या बांगड्या पेल्यांसारख्या वाजतात, मग घंगाळासारख्या, आणि प्रमिलाबाई दोन्ही बाजूंच्या पथाऱ्यांमधून चालत असतात.

बाजार आहे तसाच आहे. कुलपं एकीकडे, त्यांच्या किल्ल्या दुसरीकडे. काटे नसलेली घड्याळं, एका कानाचे हेडफोन, बाहुलीचा हात, कुणाच्या तरी लग्नातला आहेराचा लेमन सेट. फक्त पायाखाली डांबर नाही, त्यांच्या स्वयंपाकघरातली लाल फरशी आहे, आणि कुणीतरी ती नुकतीच पुसली आहे. त्या ओल्या फरशीवरून पुढे एक बाई चालली आहे. पदर कमरेला खोचलेला, टाचा भेगाळलेल्या, काखेत पिशवी.

"अहो, वन्सं."

"मागं मागं काय येतेस? प्रदक्षिणा घालतोय का आपण?"

प्रमिलाबाई धावतच त्यांना गाठतात. "तुम्ही इथं कशा?"

"कशा म्हणजे? रविवार आहे."

"पण तुम्ही तर..."

"गेले. मला सांगतेस? माझ्या तेराव्याला जिलबी किती उरली तेही ठाऊक आहे मला. सासवडची मंडळी गोडाला हात लावत नाहीत, हे इतक्या वर्षांत कळू नये? मला विचारायचं होतंस."

"तुम्हाला कसं विचारणार?"

"तेही खरंच." वन्सं एक फुटकी बरणी उचलतात, नाक मुरडतात, ठेवतात. तब्येत बरी दिसते आहे. शेवटी शेवटी गालफडं बसली होती, ती भरून आली आहेत. प्रमिलाबाई त्यांच्याकडे चोरून बघतात. नजर लागेल की काय असं वाटतं आणि गेलेल्या माणसाला नजर कसली लागणार, असंही वाटतं.

"तिकडे बाजार असतो का हो?"

"असतो की. पण भाव करायला मजा नाही. सगळे पहिल्या बोलीला देऊन टाकतात. देवमाणसं मेली." वन्सं उसासा टाकतात. "माझी जीभ गंजली बघ."

कुलपांच्या पथारीपाशी वळलं की सायकलींची गल्ली लागते. त्या वळतात, आणि सायकली नसतात. उंच छताचा वॉर्ड असतो. लोखंडी खाटा ओळीनं लावलेल्या आणि प्रत्येक खाटेवर कुणी ना कुणी माल मांडून बसलेलं. सलाइनच्या स्टँडवर वायरींची भेंडोळी लटकली आहेत. औषधांच्या ट्रेमध्ये स्क्रू आणि खिळे. खिडकीजवळची ती खाट त्यांना न बघताही दिसते.

"तिकडे नको, वन्सं."

"का? चांगला माल तिकडेच आहे."

खिडकीजवळच्या खाटेवर माकडटोपी घातलेला एक माणूस मांडी घालून बशीतून चहा पितो आहे. त्याच्यासमोर पातेल्यांची झाकणं, किसणी, अडकित्ते, आणि मधोमध ते पुरणयंत्र. प्रमिलाबाईंनी ते कधी पाहिलेलं नाही, तरी ओळखतात. असल्या वस्तूला 'अय्या'च म्हणावं लागतं. केतकीचा दोष तरी किती धरायचा?

वन्सं खाटेच्या लोखंडी पायावर टिचकी मारतात. "हिच्यावर मी एवढे दिवस कण्हत पडले आणि बघ, इथं आता धंदा चाललाय. जागा कुणासाठी अडून राहत नाही."

माणूस बशी खाली ठेवतो. "या मावशी. भवानी व्हायचीय अजून."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं तर दिवस वाया, असं बाजारात मानतात. म्हणून भवानीच्या वेळेला विकणारा चार पायऱ्या खाली उतरतो. वन्संची सगळी कमाई या वेळेची. प्रमिलाबाईंचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो आणि पाय लांब जायला वळतात.

"कुठं निघालीस? बोल."

"मी? तुम्ही बोला ना."

"माझ्या हातची भवानी कोण घेईल? मेलेल्या बाईच्या हातानं भवानी झाली तर वर्षभर गिऱ्हाईक फिरकायचं नाही त्याच्याकडे. बाजाराला काही रीतभात आहे की नाही?"

प्रमिलाबाई पुढे होतात. घसा खाकरतात. मनाशी ठरवून तोंड उघडतात आणि तोंडातून येतं, "किती सुरेख आहे हो."

पुरणयंत्र फुगतं. हंड्याएवढं होतं. "आणि घडण तर बघा," त्या म्हणून जातात, तसं ते पिंपाएवढं होतं, खाट करकरते, झाकणं खाली घरंगळतात. माकडटोपीवाला यंत्राच्या मागे दिसेनासा होतो, पण तो हसतो आहे हे कळतं.

वन्सं कपाळावर हात मारतात. "सुनेला हसत होतीस ना?"

"मला नाही जमत." प्रमिलाबाई मागे सरतात. "आवडलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, वन्सं? तोंडात येतच नाही."

वन्सं त्या खाटेच्या कडेला, उरलेल्या चतकोर जागेवर बसतात. पूर्वी प्रमिलाबाई बसायच्या तिथं.

"माझी आमटी कशी असायची?"

"काय?"

"विचारते त्याचं उत्तर दे."

"आंबटढाण."

"माझी झोप?"

"घोरायचात. भिंतीपलीकडे ऐकू यायचं."

"आणि बोलणं?"

"तुमच्या बोलण्यानं ओल्या नारळाला तडा गेला असता."

"हे तू नळावर सांगितलंस, वास्तुशांतीला सांगितलंस, तुझ्या माहेरी तर दर दिवाळीला. गावभर नावं ठेवलीस मला. मी काय आवडत नव्हते तुला?"

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खिळे मोजायचं थांबतं. प्रमिलाबाई लाल फरशीकडे बघतात. ती अजून वाळलेली नाही.

"आवडत होतात," त्या म्हणतात. हे त्या पहिल्यांदाच म्हणत असतात, आणि म्हणताना कुणाचाच भाव वाढत नाही.

"मग अडलंय कुठं? तोच सूर लाव."

वन्सं यंत्राच्या तळाकडे बोट दाखवतात. प्रमिलाबाई वाकतात. उजव्या अंगठ्याच्या नखानं तळ खरवडतात, जोरात, वन्सं खरवडायच्या तसा. वरचा काळा थर निघतो आणि खाली पिवळी रेघ उमटते. पितळ अस्सल आहे. हे कळल्याचं तोंडावर न दिसू देता त्या कमरेवर हात ठेवतात.

"दांडा वाकडाय हो याचा."

यंत्र थोडं खाली बसतं.

"आणि जाळीची भोकं कुणी बुजवली? आमच्याकडे असली दोन पडलीत माळ्यावर. कोणी फुकट नेईना." आयुष्यातली त्यांची ही पहिली धंद्यातली थाप. ती घशातून इतकी सहज उतरते की त्यांचं त्यांनाच नवल वाटतं.

"मावशी, अस्सल पितळ आहे," माकडटोपी पुन्हा दिसू लागते.

"असेल. पण घासायला चिंचेचं पोतं लागेल. ते कोण देणार, तू?"

यंत्र हंड्याएवढं, मग तांब्याएवढं, मग यंत्राएवढं होतं. वन्सं पदर तोंडात कोंबून हसत आहेत. त्यांचे खांदे हलतात. माणूस एक भाव सांगतो. प्रमिलाबाई त्याच्या निम्म्याच्या खाली जातात. तो कानाला हात लावतो.

"आता?" प्रमिलाबाई हळूच विचारतात.

"आता चालू लाग. आणि वहिनी, मागं वळून बघायचं नाही. बघितलंस की भाव गेला."

"तुम्ही येताय ना?"

"तू चालू लाग गं."

त्या वळतात. खाटांच्या मधून चालतात. चपला फरशीवर वाजतात, एकाच माणसाच्या. मान वळवावी असं मानेलाच वाटतं. खिडकीजवळ कुणी बसलं आहे का, एवढंच बघावं. पण वन्संनी शिकवलेला धंदा वन्संसमोरच बुडवायचा? त्या समोर बघत राहतात. शेवटची खाट येते, दार येतं, दारात रविवारचं ऊन येतं.

मागून हाक येते. "ओ मावशी. या, या. घेऊन जा तुमच्या भावानं."

आणि त्या हाकेच्या मागे एक ओळखीचं, नाकातलं, खुशीतलं हसू.

"आई," केतकी दारात उभी आहे. "चहा ठेवू का? तुम्ही झोपेत हसत होतात."

प्रमिलाबाई उठून बसतात. गोधडी बाजूला करायला हात पुढे करतात आणि हात तसाच राहतो. उजव्या अंगठ्याच्या नखात काळपट हिरवी रेघ भरली आहे. नखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दाट. त्या अंगठा नाकाशी नेतात. जुन्या पितळेचा कडवट आंबूस वास. घरातली पितळेची भांडी वन्संच्या मागे माळ्यावर गेली ती गेलीच, आणि मघाशी दुधाचं पातेलं होतं ते स्टीलचं.

"काय झालं? लागलं का काही?"

"काही नाही." त्या अंगठा मुठीत घेतात. "चहा नको. साडी बदलते, तू रिक्षा बघ. भवानीच्या वेळेला पोचायला हवं."

केतकी बघतच राहते. मग तिच्या चेहऱ्यावर ते 'अय्या' उमटायला लागतं.

"हा चेहरा घरी ठेवायचा," प्रमिलाबाई दरडावतात. "यंत्र दिसलं की कानाची पाळी चाचपायची आणि लांब जाऊन जांभई द्यायची. शब्द काढलास तर तिथून परत."

"आणि भाव कोण करणार?"

"मी."

"तुम्हाला जमेल?"

"तुझ्या पोळ्या कडेला कच्च्या राहतात," प्रमिलाबाई म्हणतात. "वेलदोडा हात राखून घालतेस. आणि मीठ तर विसरतेसच."

केतकी क्षणभर बावरते. सासूबाई इतक्या प्रेमानं हसत का आहेत, हे तिला कळत नाही. कळेल पुढे. रविवार पुष्कळ आहेत.

ती रिक्षा बघायला जिना उतरते. प्रमिलाबाई मोरीत जातात, नळ सोडतात, आणि अंगठा तेवढा मुठीत मिटून बाकीची बोटं धुतात.