खारातल्या कैऱ्यांवरचा दगड

देवबागच्या गुरुदासभावजींवर माझा विश्वास नव्हता. ते माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. बावीस वर्षं समुद्र-संशोधनाच्या जहाजावर तळातले खडक वर ओढायच्या कामाला होतो, असं ते सांगतात. गावात म्हणतात, हा तिथे भात शिजवत होता. आमची तन्वी भूविज्ञानात एम.एस्सी. करते आहे. तिला अशाच जहाजावर दोन महिने जायचं होतं. मी हो म्हटलं तरच जाईन, म्हणाली. तिथे भिण्यासारखं काही नाही, हे तिला पटवलं होतं भावजींनी.

पुरावा म्हणून त्यांच्याकडे पांढऱ्या रेघांचा एक हिरवट दगड होता. पृथ्वीच्या कवचाखालचा खडक समुद्रतळावर उघडा पडतो, भेगांतून खारं पाणी शिरतं, खडक ते पाणी मुरवून घेऊन हिरवा, मऊ होतो आणि मग भेगांत पाण्यातला चुना बसतो, असं तन्वीने मला समजावलं होतं. पण हिरवे दगड कणकवलीच्या बाजूला खाणीतही सापडतात. त्यातलाच एक उचलला नसेल कशावरून? खरं सांगते, ते खोटे निघावेत असंच मला वाटत होतं. नाही म्हणायला कारण मिळालं असतं.

रविवारी देवबागला गेले. दगड मागितला, तर त्यांच्या बायकोने, सत्यवतीने, बरणीकडे बोट केलं. खारातल्या कैऱ्या वर येऊ नयेत म्हणून तो दाबायला ठेवला होता.

"ह्या धोंड्यान माझ्या आंब्यांची सगळी आंबटाण खाल्ल्यान गो. टाकून देवा म्हटलंय तर हे ऐकनत नाय."

मी दगड धुतला. कैऱ्यांच्या आंबटाने पांढऱ्या रेघा विरघळून त्यांच्या जागी चर पडले होते. उरलेल्या एका रेघेवर लिंबू पिळलं, तर बारीक फेस आला. बी.एस्सी.ला मी रसायनशास्त्र घेतलं होतं. खाणीतल्या तसल्या दगडांत पांढरं असतं ते बहुधा मॅग्नेसाइट, ते लिंबाला दाद देत नाही. हा चुना होता. एवढ्याने समुद्र सिद्ध होत नाही, पण माझा संशय लंगडा झाला.

मग नजर भावजींच्या डाव्या हातावर गेली. दोन बोटं अर्धीच. ती होडीवर गेली, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारलं, तर म्हणाले, खडक खरवडणारी लोखंडी टोपली ओढताना तार तुटली. तन्वीला हे ठाऊक आहे का, मी विचारलं.

"पयला ताच सांगितलंय तिका. तार ताणली की तिच्या वाटेत उभ्या रवाचा नाय."

तन्वीने मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर तिला फोन केला, काकांनी पहिलं काय सांगितलं ते विचारलं. तिने तारेचं वाक्य मालवणीतच म्हटलं. मी ते तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतलं. मग जा म्हटलं.