रूम खाली करा!

ओमानमधल्या सोहारला खिडकीच्या फटीत धूळ साचते ना, तसे शाळेतले किस्से साचतात. सकाळी पुसून काढा, दुपारी तेवढेच पुन्हा! मी नववीला इतिहास शिकवायचे, प्रोबेशनवर. सुपरवायझर जोगळेकर मॅडम एकदा वर्गात बसून शेरा देणार; तो वाईट आला की व्हिसा खलास, मी परत नाशिकला. त्यामुळे कुणी खुर्ची सरकवली तरी दचकायचे. आणि वाट्याला आलेला धडा? रोम पडल्यावरही पूर्वेला हजार वर्षं तग धरून राहिलेलं बायझंटाइन साम्राज्य. नुसतं वाचूनच दमायला व्हायचं.

*

"ते लोक स्वतःला बायझंटाइन म्हणायचेच नाहीत. शेवटपर्यंत रोमनच म्हणायचे," मी सांगितलं.

"पण मिस, रोम तर त्यांच्याकडे नव्हतंच ना?"

मी सांगायला वळले, तेवढ्यात मागच्या बाकावरून ईशान म्हणाला, "सेम माझे पप्पा! सोळा वर्षं सोहारला आहेत. कोणी विचारलं की, आम्ही पुण्याचे! पुण्यात आमचं घरपण नाहीये."

मी फळा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

*

अरब या साम्राज्याला 'रूम' म्हणत. आपल्या बखरींतल्या 'रूमशाम'मधलं, म्हणजे तुर्कस्तान-सीरियाकडच्या मुलखातलं, 'रूम' तेच! मला इतका आनंद झाला, की लगेच हमीदचाचांना चिठ्ठी पाठवली. चाचा दापोलीचे, लायब्ररी आणि शाळेच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या ताब्यात. लिहिलं, 'रूमचा नकाशा पाठवा.'

दहा मिनिटांत नकाशा आला. जिना, लाल बाण, आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग.

"चाचा, हे काय?"

"तुमच्याच रूमचा हाय, मिस. एकदम करेक्ट!"

*

सम्राटांची नावं मुलांच्या डोक्यात राहीनात. अकरा कॉन्स्टंटाइन! स्टाफरूममध्ये मी डोकं धरून बसले होते.

चाचा म्हणाले, "आमच्या मोहल्ल्यात सात इब्राहीम हायत. होडीवाला, कुवेतवाला, काणा... नंबर कोण लक्षात ठेवतो?"

शोधलं तर त्या सम्राटांनाही टोपणनावं होतीच. एक तर चक्क 'नाककाप्या', शत्रूंनी नाक कापलेला! दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला पाठ. फक्त टेस्टमध्ये एकाने लिहिलं, 'नाककाप्यानंतर गादीवर कुवेतवाला आला.' चाचांचा किस्सा वर्गात सांगायची हौस मलाच नडली.

*

शेवटी तो दिवस उजाडला. प्रोजेक्टरसाठी वरच्या मजल्यावरची रूम एका तासापुरती मिळालेली. जोगळेकर मॅडम मागच्या बाकावर, मांडीवर फॉर्म. रात्रभर झोप नाही, खडू तीनदा हातातून पडलेला. तरी रेटत रेटत त्यांच्या राजधानीच्या शेवटच्या वेढ्यापर्यंत पोचले. तुर्कांच्या तोफा, भिंतीला भगदाडं...

"आणि असं सांगतात, की एक छोटं दार कुणीतरी उघडंच विसरलं!"

धाडकन दार उघडलं.

"आई गं! आले!" मी जोरात किंचाळले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ॲक्टिंग!

दारात हमीदचाचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. "मिस, टाइम झाला. रूम खलास! यल्ला, खाली करा."

मॅडमनी चाचांकडे पाहिलं. मग फळ्याकडे. तिथे मीच भल्यामोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं, 'रूम'. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि हळूहळू लिहिलं,

"धड्याचा शेवट परिणामकारक. नोकरीला एक वर्ष मुदतवाढ."