न फोडलेला कप

मिस ओझेला क्रचर माझ्या कुंपणापलीकडे जन्मभर राहिली, पण मी तिला ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. ती काय विकत आणायची, काय फोडायची, कुणाला शिव्या घालायची, एवढं मला ठाऊक. तिच्या मनात काय चालायचं ते विचारायची मला हिंमत नव्हती आणि तिला सांगायची सवय नव्हती. लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस हवा होता, पण आमच्या रस्त्यावर आता जुनं कुणी उरलेलं नाही.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची. एकुलती मुलगी, व्हर्निता. एका सकाळी व्हर्निता कॉफी पीत बसलेली असताना तिच्या नवऱ्याने, क्लीव्हनने, बिडाचा तवा उचलून तिच्या डोक्यात घातला. एकदा नाही. अंडी करपली होती, असं त्याने स्वतःच कोर्टात सांगितलं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या शेवटच्या वापरातली भांडी थडग्यावर नेऊन फोडतात. मिस ओझेलाने मुलीच्या बश्या, दिवा, साखरेचं भांडं, सगळं दगडावर असं फेकून मारलं की एक टवका पाद्रीबाबांच्या नडगीत घुसला. मात्र त्या सकाळचा हिरव्या काठाचा कप तिने पर्समध्ये टाकला आणि चालू लागली.

पाद्रीबाबांची बायको, सिस्टर अर्नेला, तिच्यामागे धावली. "अगं, तो पण फोड! आख्खा ठेवलास तर पोरगी घरातलं कुणीतरी न्यायला परत येईल."

"येऊ दे की."

"वेडी झालीस का?"

"जावई घरातलाच असतो ना, सिस्टर? मग येऊ दे."

त्यानंतर तिने एक दार मढवायला घेतलं. व्हर्निताच्या स्वयंपाकघराचंच दार. क्लीव्हनच्या भावाने घर रिकामं केलं तेव्हा तिने ते मागून आणलं आणि अंगणातल्या पिकानच्या झाडाला टेकवून उभं केलं. दर शनिवारी ती हायवेवरच्या चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जायची. फुलाफुलांच्या बश्या, मोडक्या बाहुल्या, बंद घड्याळं, काटे, सुऱ्या, इस्त्री असलं पिशवीभर घेऊन यायची. बश्या पिठाच्या गोणीत घालून हातोड्याने फोडायची. तो आवाज ऐकून माझी कुत्री पलंगाखाली जायची. मग दारावर थापलेल्या ओल्या सिमेंटात ती एकेक तुकडा खोचायची, पण धार बाहेर ठेवून. दाराला नुसता हात लावला तरी रक्त यायचं. बाहुल्यांचे हात मधून वर आलेले, आणि सगळ्यांच्या वर एका खिळ्याला तो हिरव्या काठाचा कप.

एकदा शहरातून कुणी गृहस्थ आला. फोटो काढले, कलाकृती म्हणाला, विकत मागितलं.

मिस ओझेला म्हणाली, "दार विकलं तर माझी मुलगी आत कुठून येणार? भिंतीतून?"

त्याला वाटलं थट्टा आहे. तो हसला. तिने गोणीवरचा हातोडा उचलला तेव्हा तो गाडीत बसला.

पुढे क्लीव्हन तुरुंगातून सुटून आला आणि रुळांपलीकडे भावाकडे राहू लागला. त्याला खोकला लागला. केस गळायला लागले. न्हाव्याच्या दुकानात पोरं म्हणायची, "काय क्लीव्हन, बायकोचा निरोप आला का?" तो हसायचा नाही. तो आमच्यातलाच होता. आख्ख्या कपाचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता.

एका रविवारी चर्च सुटलं, मी ओसरीवर बूट काढत होतो, आणि तो लोखंडी पहार घेऊन तिच्या अंगणात शिरला.

"आई, तो कप दे."

"तुझी आई मेली. मी व्हर्निताची आई."

त्याने दारावर पहार घातली. दाराचे तुकडे माझ्या कुंपणापर्यंत उडाले. तिने मागून त्याचा सदरा धरला, त्याने मागे वळून पहार हाणली, आणि तिचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिने दुसऱ्या हाताने बशीचा तुकडा उचलून त्याचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाडला. तो ओरडत कप ओरबाडायला गेला, घसरला, आणि दारातल्या एका सुरीवर मांडीनेच बसला. मी कुदळ घेऊन पोचलो तेव्हा चिनीमातीचा तो पांढरा चुरा लाल झाला होता. कप त्याच्या मुठीत होता. पडल्यापडल्या त्याने तो आपटला, पुन्हा आपटला, पण खाली अंगणातली मऊ वाळू. कप फुटेना.

"तू फोड, आई," तो रडत म्हणाला. "माझ्याच्याने होत नाही. माझं रक्त चाललंय गं."

रस्त्यावर सगळे जमले होते. कुणी आत पाऊल टाकलं नाही. मिस ओझेलाने कप घेतला. पायाशीच दगडी पायरी होती. मग तिने स्कर्टने कप पुसला आणि दाराच्या शिल्लक राहिलेल्या कोपऱ्यात, खिळ्याला अडकवला.

"लूशस, ह्याची मांडी घट्ट बांध."

मी पट्टा काढून बांधली.

"अजून घट्ट. हा इथेच मेला तर ती कशाला येईल?"

शेरिफच्या माणसांना दोघांनीही एकच सांगितलं, पाय घसरला. क्लीव्हन लंगडत शिकागोला बहिणीकडे निघून गेला. तिने एका हाताने त्याच तुकड्यांचं दार पुन्हा केलं. रक्त लागलेले तुकडे तिने धुतले नाहीत.

त्याच वर्षीच्या थंडीत, एका सकाळी, ती खुर्चीत बसल्या जागी गेली. सिस्टर अर्नेला म्हणाली, बघा, पोरगी आली आणि आईलाच घेऊन गेली. असेलही. मला त्यातलं कळत नाही. तिच्या थडग्यावर फोडायला तिचा शेवटचा कप शोधला, तर तो माझा निघाला. आदल्या दिवशी ती तो घेऊन गेली होती. मी तो फोडला. दारावरच्या कपाला मी हात लावलेला नाही. क्लीव्हनचा भाऊ अधूनमधून येऊन विचारतो, आहे का अजून आख्खा? मी म्हणतो, आहे.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून माझ्या ओसरीवर बसली होती.

"कॉफी पाणचट झालीय, लूशस."

"संपत आली होती पावडर."

"मग मक्याची भाकर तरी गरम द्यायचीस. जाऊ दे, उरलेली घरी जाऊन पिते. कप उद्या देते."

"असू दे, मिस ओझेला. घाई नाही."