टर्कीची जोडी आणि माझी बी.एस्सी.

आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं घर हिंगोलीकडच्या पुसेगावात आणि थोरली बहीण आक्का कनेरगाव नाक्याच्या पलीकडे दिलेली. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली आणि पाणी पिऊन होत नाही तोवर परत निघाली. आमच्या मायचा एक दंडक होता. सासरी निघालेल्या लेकीबरोबर जितंजागतं काहीतरी द्यायचं. शेळी, कोंबडी, काहीही. म्हणजे माहेराचं कुणीतरी तिच्या अंगणात हिंडत राहतं. नेमकी तेव्हाच, सिकंदराबादेत रेल्वेत असलेल्या मामानं टर्कीची चार पिल्लं टोपलीत घालून आणली होती. गावात असला पक्षी कुणी पाहिलेला नव्हता. बा म्हणाला, कोंबडीचीच पिल्लं हायेत, जरा बावळट निघालेली.

मायनं ठरवलं, एक जोडी आक्काला, एक आपल्याला. पण जोडी म्हणजे नर-मादी, आणि पिल्लं तर सगळी एकसारखी, मूठभर, पिवळट तपकिरी. बा म्हणाला, शेजारणीला बोलवू, तिच्या घरी कोंबड्या हायेत. घरात पदवीधर बसलेला असताना शेजारीण! मी टोपली पुढ्यात ओढली.

एकेक पिल्लू उलटं करून पोट पाहिलं, पाय पाहिले. काही कळलं नाही. (कॉलेजात आम्ही बेडूक कापला होता, त्याचा इथं उपयोग नव्हता.) तेवढ्यात दोन पिल्लांनी छाती काढून शेपटीचा इवलासा पंखा केला. झालं! मोर पिसारा फुलवतो, लांडोर फुलवत नाही. पंखेवाले नर, गप्प उभ्या त्या माद्या. हा नियम मी ओट्यावर जमलेल्या लोकांना नीट समजावून सांगितला आणि जोड्या लावून दिल्या. टर्कीत लहानपणी मादीसुद्धा तस्साच पंखा करते, हे त्या पिल्लांना माहीत होतं. मला नव्हतं.

आक्का गेली ती गेलीच. सासूबाई पाठवीनात. आधी पेरणी आली, मग खुरपण, मग सुगी. एसटीची वेळ झाली की माय अंगणात येऊन रस्त्याकडे बघत उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, टर्क्या कुठं गेल्या ते पाहून राहिले. टर्क्या तिच्या पायाशीच असायच्या.

पुढं त्यांनी अंडी घातली. दोघींनीही. मी म्हणालो, निसर्गात कधीकधी असं होतं. दोघी खुडूक बसल्या आणि अंडी नासली. आक्काकडे अंड्याचा पत्ताच नव्हता. तिकडचे दोघेही नर, दिवसभर एकमेकांच्या अंगावर जाऊन गाव डोक्यावर घेत. शेवटी सासऱ्यांनी एकाचं कालवण केलं, आणि सासूबाईंनी स्वतः आक्काला माहेरी धाडलं. उरलेल्याला सोबत ने आणि त्याला जोडीदारीण घेऊनच ये म्हणाल्या.

आक्का एसटीतून उतरली तेव्हा काखेत पिशवी आणि पिशवीतून त्या नराचं लालभडक मुंडकं बाहेर. हिंगोलीपासून तो कंडक्टरशी भांडत आला होता. मला पाहून आक्का म्हणाली, "भाऊ, तुह्या कॉलेजात नर-मादी वेगळे बसत न्हवते काय रे?"

सगळी वस्ती हसली. माय हसली नाही. ती आक्काच्या तोंडावरून नुसता हात फिरवत होती.

एक मादी देऊन दुसऱ्याच दिवशी आक्काला परत पाठवता आलं असतं. मायनं ऐकलं नाही. तयार पाखरू परक्या जागी बावरतं म्हणे; नर इथं राहू द्या, पिल्लं निघाली की आक्का नवी जोडी घेऊन येईल. सासरी तसा निरोप गेला. मग अंडी होऊन पिल्लं निघेपर्यंत मायलेकी अंगणात बसून काय काय बोलायच्या, मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या, आणि मी वळलो की हसायच्या.

पिल्लं निघाली. बा शहाणपणाचं बोलला. आता घाई नको, पाखरं मोठी होऊ द्या, नर-मादी आपोआप दिसंल, मग मीच जोडी पोचवून येतो.

"न्हाई," माय म्हणाली. "आत्ताच देऊ. अन् जोडी आपला भाऊच निवडंल."

"अजून भरोसा हाय तुहा याच्यावर?"

"हाय तर. पक्का भरोसा हाय."

आक्कानं तोंडाला पदर लावला. मी मात्र छाती काढली. शेपूट असतं तर पंखाही केला असता. खूप विचार करून जोडी निवडली.

पुढच्या वर्षी आक्का पुन्हा एसटीतून उतरली. काखेत नर.

आता माय नाही. आक्काला नातवंडं झाली. तिला अडवणारं कुणी उरलं नाही, आणि बहुतेक म्हणूनच तिचं येणं होत नाही. परवा फोनवर मी म्हणालो, आक्का, टर्क्या पाळ.

"काहून रे, या वयात?"

म्हटलं, जोडी मीच निवडून देतो. माझा अभ्यास अजून तेवढाच आहे.