सखूवहिनी झाडावर असताना

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या दारासमोर, मूर्तिजापूरकडून आलेल्या कापसाच्या गाड्या थांबल्या. बैलांना पाणी दाखवता दाखवता गाडीवान म्हणाला, "कादरभाई, गणपतरावची बायको गेली." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो एवढाच, की झाडावरून पडल्या का... "नाही. ताप होता. खाटेवरच गेली." रडू नंतर आलं. आधी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, कारण मी इतके दिवस वेगळ्याच बातमीची धास्ती बाळगून होतो.

गणपत माझा जुना मित्र. नाल्याकाठी त्याचं शेत आणि बांधावर शिंदीची झाडं. संध्याकाळी शेंड्याला चीर देऊन मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं. तेव्हा रस गोड असतो. उन्हं चढली की झोपडीतली मडकी आपली आपण फसफसू लागतात, त्यांत काही घालावं लागत नाही. वाटेवरचे गाडीवान त्यासाठीच तिथे थांबत. कापूस खरेदीला निघालो की मीही उतरत असे. मी नशेला शिवत नाही म्हणून सखूवहिनी माझा रस वेगळा झाकून ठेवत. "ऊन लागायच्या आंधी पिऊन घ्या, कादरभाई."

मग अमेरिकेत लढाई लागली, विलायतेला आमचा कापूस हवासा झाला आणि वऱ्हाडात वीतभर काळी जमीन मोकळी राहीना. गणपतचा चुलतभाऊ नारायण सामाईक बांध नांगरायला निघाला. एका सकाळी तो कुऱ्हाडीवाली माणसं घेऊन आला तेव्हा गणपत शेंड्यावर होता आणि मी झोपडीपुढे. "उतर, नाही तं झाडासकट पाडतो," नारायण म्हणाला. गणपत हलला नाही. माणूस वर असताना कोण घाव घालील, असं त्याला वाटलं असावं... घाव बसला. झाड शेंड्यापर्यंत थरारलं, वरचं मडकं निसटून माझ्या पायाशी फुटलं. वहिनी झोपडीतून आल्या आणि जिथे खाच पडली होती तिथेच बुंध्याला पाठ लावून बसल्या. "मार आता," त्या कुऱ्हाडवाल्याला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्या माणसाने नारायणाकडे पाहिलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि चालू लागला. "आज जातो," नारायण म्हणाला, "पुन्हा येईन."

खरी भीती पुढेच होती. गणपतला उतरता येईना. लहानपणापासून झाडावर वावरलेला माणूस खोडाला मिठी मारून, डोळे मिटून बसला होता. "सखू, माह्ये पाय हालून नाही राहिले." वारा सुटला होता आणि खाचेतून बारीक करकर ऐकू येत होती. "खाली पाहू नका," वहिनी म्हणाल्या, "उजवा पाय सोडा. आनखी. आता डावा..." अशा एकेका शब्दावर त्यांनी त्याला जमिनीवर आणलं. त्यानंतर तो कधी चढला नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर कासोटा घट्ट मारून, कमरेला दोर बांधून वहिनीच वर. त्याच खाच पडलेल्या झाडावर. त्या खाली आल्यावर मी म्हटलं, "वहिनी, काहून जीव धोक्यात घालता? राहू द्या ती झाडं."

"मडकं नाही दिसलं तं झाडं सोडली समजून तो उद्याच कुऱ्हाड घिऊन यीन."

"भेव नाही लागत?"

"लागते ना. रोज लागते. वर गेलं की हात गार पडतेत." एवढं बोलून त्या दुसऱ्या झाडाकडे गेल्या. नारायण कधीकधी लांब उभा राहून टांगलेली मडकी पाहायचा आणि परत फिरायचा. तिकडून आलेल्या प्रत्येक गाडीवानाला मी आधी वहिनींची खुशाली विचारत असे.

बातमी कळल्यावर गणपतला भेटायला गेलो तेव्हा झोपडीतली मडकी पालथी होती. नारायण अजून आला नव्हता. येणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पहाटे जाग आली तर गणपत अंथरुणात नव्हता. तो त्या खाच पडलेल्या झाडाखाली होता. वहिनी वर असत तेव्हा तो असाच उभा राहत असे, मान वर, हात अर्धवट पसरलेले, जणू झेलायला. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"वारा हाय आज," तो म्हणाला, आणि हात तसेच ठेवले.