पुंजाजींचा तयार कान

साठ-एकसष्टच्या सुमाराला अकोटात कुणाला रेडिओ घ्यायचा झाला, तर त्याला दोन गोष्टी मिळवाव्या लागत. एक टपाल कचेरीतलं लायसन, आणि दुसरी पुंजाजी वानखड्यांची पसंती. लायसन त्या मानाने लवकर मिळे.

पुंजाजी काही गवई नव्हते. त्यांच्या घराण्यात भजनात टाळ धरण्यापलीकडे कुणाची मजल गेली नव्हती. ते गावाबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागत आणि कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे जे सुरू होत, ते उन्हाळा लागेपर्यंत थांबत नसत. पत्र्याच्या एका लांबलचक खोलीत ते रांगेने उभे होते. सगळे एकदम चालू झाले, की शेजारच्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावं लागे. त्या खोलीत पुंजाजींनी पंधरा-वीस हंगाम काढले होते. एवढा आवाज ज्याने ऐकला, त्याला आवाजातलं कळणारच, असा अकोटकरांचा हिशेब होता.

या कीर्तीची सुरुवात केशवराव हेडमास्तरांच्या घरी झाली. मास्तरांनी अकोल्याहून रेडिओ आणला, त्याला पितळी जाळीचा एरियल लावला आणि खिडकी उघडी ठेवली. खिडकी उघडी नसती, तर रेडिओ आणल्याचा उपयोग काय? आळीतल्या बायका ऐकायला जमू लागल्या. त्यांत पुंजाजींची बायको मनकर्णाही असे. मास्तरीणबाई सुभद्राबाई सगळ्यांना ओसरीवर बसू देत, पण बायका जास्त झाल्या आणि कार्यक्रम रंगात आला, की त्या उठून बटण फिरवत आणि म्हणत, "आतले व्हॉल्व्ह तापलेत. आता उद्या." ते व्हॉल्व्ह फक्त ओसरी भरली की तापत.

तिसऱ्या-चौथ्या वेळेला मनकर्णा घरी आली ती तोंड पाडूनच.

"आपल्याले एक घ्या," ती म्हणाली. "लहानसा घ्या. पन घ्या."

पुंजाजींनी नाही म्हटलं नाही. दिवाळीचा बोनस होता, आणि बायकोने आजवर काही मागितलं नव्हतं. पण ते फिटर होते. वस्तू पारखल्याशिवाय घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून पारखायला ते आधी मास्तरांच्याच घरी गेले. सतरंजीवर बसून, डोळे मिटून त्यांनी एक अख्खा कार्यक्रम ऐकला. मास्तर शेजारी उत्सुकतेने बसले होते.

"तबला झकास हाय," पुंजाजी शेवटी म्हणाले. "पन बासरी कुठी हाय? नाव त सांगतलं बासरीचं. अन् बाई बोलते ते गोधडीतून बोलल्यावानी वाटते."

मास्तरांचा चेहरा उतरला. आदल्या घटकेपर्यंत त्यांना बासरी चांगली ऐकू येत होती. पण एक फिटर म्हणतो बासरी दबते, आणि आपण हेडमास्तर असून आपल्याला ते कळलं नाही, हे कसं कबूल करायचं? त्यांनी मान एका बाजूला कलती केली, थोडा वेळ ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मलाही पहिल्या दिवसापासून शंका होतीच. दबते."

पुढच्या रविवारी मास्तर तो रेडिओ बदलायला अकोल्याला गेले. गावाला एवढं पुरे होतं.

त्यानंतर पुंजाजी स्वतःसाठी रेडिओ पाहू लागले, आणि त्यांच्याबरोबर गावही पाहू लागलं. अकोल्याच्या दुकानांत ते गेले. ज्यांची किंमत परवडत होती त्या सेटांत बासरी नव्हती. ज्यांची परवडत नव्हती त्यांतही नव्हती. पण तिथे निदान लाकडी पेटी भक्कम होती आणि मृदंग पोटात घुमत होता. पुंजाजी मागून घेत ते सगळ्यांत स्वस्त मॉडेल आणि अपेक्षा करत ती सगळ्यांत महाग मॉडेलमध्येही न सापडलेल्या बासरीची. दुकानदार टेकीला आले. एकाने चहा पाजला आणि कानाजवळ येऊन हळूच म्हणाला, की तुम्ही आमच्या गिऱ्हाइकांबरोबर येत जाऊ नका. पुंजाजींना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी चहाबद्दल आभार मानले आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोघांना घेऊन आले.

कारण आता लोक त्यांना घेऊन जात. नत्थुजी तेल्याने त्यांना नेलं, कोर्टातल्या नाझराने नेलं, सरकीच्या एका दलालाने तर त्यांच्यासाठी स्टँडपर्यंत खास टांगा केला. पुंजाजींनी डोळे मिटून मान हलवली, की दुकानदार घाबरून किंमत उतरवे, आणि गिऱ्हाईक तोच सेट उतरलेल्या किमतीत घरी नेई. अशा रीतीने दोन वर्षांत पुंजाजींच्या नापसंतीवर अर्ध्या अकोटाने रेडिओ घेतले. घरोघरी माणसं मान कलती करून "जराशी दबते" असं म्हणू लागली. बासरी दबते म्हणणं हे शिकल्या-सवरल्या माणसाचं लक्षण झालं. रेडिओ नव्हता तो एकट्या पुंजाजींच्या घरी.

"आपला कधी येते?" मनकर्णा विचारी.

"घाई करून कचरा घ्याचा काय?"

"गावाच्या घरात कचरा वाजते, माह्या घरात काहीच वाजत नाही. मले कचरा चालते."

हे ती पाठमोरी होऊन, चुलीकडे तोंड करून म्हणे. आणि पुंजाजी काही उत्तर देत नसत. हा माणूस मुद्दाम गप्प बसतो, असं तिचं पंधरा वर्षांचं मत होतं.

शेवटी अमरावतीचा विषय निघाला. जवाहर गेटाजवळ लढ्ढाशेठचं रेडिओचं दुकान होतं, आणि तिथे म्हणे प्रत्येक सेटला तबकडी वाजवायचं यंत्र जोडून दाखवत. म्हणजे एकच तबकडी सगळ्या सेटांवर ऐकायची आणि दूध का दूध करून घ्यायचं. पुंजाजींना ही शास्त्रशुद्ध पद्धत फार आवडली. मनकर्णाची बहीण बडनेऱ्याला दिली होती. तिच्याकडे जायचं म्हणून मनकर्णाही निघाली. एस. टी. अंजनगाववरून हेलकावे खात अमरावतीला पोचली, तेव्हा पुंजाजी ताजेतवाने होते. इंजिनाशेजारची जागा मिळाली की त्यांना झोप छान लागे.

लढ्ढाशेठ ही आसामी त्यांची कीर्ती ऐकून होती. त्यांनी गादीवर बसवलं, सुपारी पुढे केली, आणि बासरीची एक तबकडी काढली.

"अकोटवाले पुंजाजी ना? आओ, आओ. तुमच्यासाठी बासरीच लावतो. बजेट काय आहे?"

पुंजाजींनी बजेट सांगितलं. लढ्ढाशेठच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. व्यापारी खानदानी होता. त्यांनी फळीवरचा सगळ्यांत लहान सेट खाली घेतला, बॅकेलाइटचा, तपकिरी रंगाचा. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे थांबले. मग तबकडी फिरू लागली.

पुंजाजींनी डोळे मिटले.

"तबला बारीक हाय," ते म्हणाले. "पेटी लहान, त तेवढं चालायचं. पन बासरी नाही यात."

लढ्ढाशेठने मोठा सेट लावला. मग त्याहून मोठा. शेवटी ज्याला कपाटासारखे पाय होते, तो लावला. पुंजाजींनी प्रत्येक वेळी मान हलवली. "तबला एकदम दमदार. बासरी नाही."

मनकर्णा दाराजवळच्या बाकावर बसून होती. दोन वर्षं ती हे नुसतं ऐकत आली होती. पाहत होती ती आज पहिल्यांदा. बासरी दुकानभर वाजत होती. रस्त्यावरचा केळीवाला हातगाडी थांबवून ऐकत होता.

"वाजून तं राहिली," ती म्हणाली.

पुंजाजींनी डोळे उघडले नाहीत. ती उठली आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. लढ्ढाशेठने काही बोलायला तोंड उघडलं. तिने हातानेच त्यांना थांबवलं आणि तबकडी बंद करायची खूण केली. दुकान शांत झालं. मग तिने आपला हात नवऱ्याच्या कानाजवळ नेला आणि काचेच्या बांगड्या किणकिणवल्या. एकदा, मग पुन्हा, जरा जोराने.

पुंजाजी डोळे मिटून तसेच बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "शेठ, लावा ना मंग. थांबले काहून?"

मनकर्णाने समोर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले.

"म्या बांगड्या वाजवल्या," ती म्हणाली. "तुमच्या कानापाशी."

"कवा?"

"आत्ता."

त्यांनी लढ्ढाशेठकडे पाहिलं. लढ्ढाशेठ तबकडी पुसत होते, आणि ती मुळीच मळलेली नव्हती. त्यांनी नुसती मान डोलावली.

पुंजाजींना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग दोन्ही गेलं. अकोटातले रातकिडे मलेरियावाल्यांच्या डीडीटीने मेले, हे ते चारचौघांत किती वेळा पटवून देत आले होते. ऐकणारे माना डोलावत. बाहेर रातकिडे ओरडत असताना डोलावत. मनकर्णाच्याही मनात तेव्हा काहीतरी उलटंपालटं होत होतं. पंधरा वर्षांत पाठमोरी होऊन ती जे जे बोलली आणि उत्तर आलं नाही म्हणून जितके दिवस रुसून बसली, ते सगळं रुसणं फुकट गेलं होतं.

लढ्ढाशेठनेच सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगितला. तिथल्या डॉक्टरने चिमट्यासारखं एक लोखंड ठोकून दोन्ही कानांशी धरलं आणि धंदा विचारला. जिनात फिटर म्हटल्यावर त्याने पुढचं काही विचारलं नाही.

"जाड आवाज येतात, बारीक गेलेत," तो म्हणाला. "गेले ते काही परत येत नाहीत. राहिलेत ते सांभाळा. कारखान्यात कानात कापूस घालत नाही का तुम्ही?"

पुंजाजी म्हणाले, नाही.

"कापूस मिळत नाही का?"

डॉक्टरला हे विनोदाने म्हणायचं होतं की नाही, ते कळलं नाही. कापसाच्या डोंगरात उभं राहून पुंजाजींनी आपलं अर्धं आयुष्य काढलं होतं. तो त्यांच्या केसांत होता, भुवयांवर होता, जेवणाच्या डब्यात होता. एकट्या कानांतच तो घालावा असं त्यांना, मॅनेजरला, मालकाला किंवा दरवर्षी येऊन चहा पिऊन जाणाऱ्या इन्स्पेक्टरला कधी सुचलं नव्हतं.

बाहेर पडल्यावर दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसली.

"मंग आता रेडिओ कायले पायजे," पुंजाजी म्हणाले.

"मले पायजे," मनकर्णा म्हणाली. या वेळी ती त्यांच्या समोर बसून, तोंडाकडे पाहून, मोठ्याने बोलली. "माहे कान चांगले हायेत."

दुकानात परत जाऊन तिने तो लहान बॅकेलाइटचा सेट निवडला. एक भजन ऐकलं, आवाजाचं बटण दोनदा पुढेमागे केलं, आणि म्हणाली, "हाच." ज्या कामाला पुंजाजींना दोन वर्षं पुरली नव्हती, ते तिने तोंडातली सुपारी संपायच्या आत उरकलं. लढ्ढाशेठने एरियलची जाळी वर फुकट दिली. अकोटची पीडा टळली, या आनंदात ते आणखीही काही देते.

पुंजाजी प्रामाणिक माणूस. गावी आल्यावर ते सरळ केशवराव मास्तरांकडे गेले आणि झालं ते सांगून टाकलं. माझा कान गेला आहे, तुमच्या रेडिओत काही दोष नव्हता, बासरी होती.

मास्तरांनी एव्हाना तिसरा सेट घेतला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या कानाचं ऐकून वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण बासरी दबत होती, पुंजाजी. ती मी माझ्या कानांनी ऐकलेली आहे."

नत्थुजीचंही तेच. नाझर तर चिडलेच. ज्या गोष्टीवर गावातल्या प्रतिष्ठितांचं एकमत झालं, ती एका डॉक्टरच्या लोखंडाने खोटी कशी ठरणार? नवीन रेडिओ घेणारे अजूनही पुंजाजींना बोलवायला येत, तेही कधी जात आणि गिऱ्हाइकाकडेच पाहून विचारत, "तुमाले आवडला काय?" ही त्यांची नवी पद्धत आणखी खोल आहे, असं लोक म्हणू लागले.

पुढच्या हंगामात पुंजाजी कानांत बोळे घालून जिनात गेले. पाहून पाहून बाकीचे फिटर आणि रेच्यांवरच्या बायकाही घालू लागल्या. मॅनेजरने आठ दिवस पाहिलं आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला हुकूम दिला, की सुट्टी झाल्यावर प्रत्येकाचे कान तपासावेत. कापूस कंपनीचा आहे. पहारेकरी बापडा रोज फाटकात उभा राहून लोकांच्या कानांत डोकावू लागला. पुंजाजी त्याच्या हातावर आपले दोन बोळे ठेवत आणि दुसऱ्या सकाळी ढिगातून नवे घेत.

घरी रेडिओ कोनाड्यात बसला. मनकर्णाने आळीतल्या बायकांना बोलावलं, आणि ओसरी कितीही भरली तरी तिचे व्हॉल्व्ह तापले नाहीत. संध्याकाळी बायका गेल्या, की पुंजाजी जवळ येऊन बसत. ढोलकी, तबला, मृदंग त्यांचं ते ऐकत. बातम्या लागल्या की मात्र विचारत, "काय म्हणून राहिला तो?"

मनकर्णा त्यांच्याकडे तोंड करून सांगे. पण सगळं सांगत बसायला तिला वेळ नव्हता. भाकरी थापायची असे. दिल्लीत कोण कुणाला भेटलं, कुणी कशाचं उद्घाटन केलं, हे ती गाळून टाकी.

"पाऊस येते म्हंते," ती सांगे. "अन् कापसाचा भाव हाय तोच हाय."

"बस? एवढंच?"

"बाकी काई नाही."

पुंजाजी मान कलती करून घटकाभर त्या तपकिरी पेटीकडे पाहत. एवढा वेळ तो माणूस बोलत होता, आणि कामाचं निघालं ते एवढंच. मग ते पानावर बसत.