शेजारी सापडला नाही

लहानपणी ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानात आहे. गावच्या तलावाचं पाणी सोडलं की माझा बाप तलावाच्या तोंडाशी उभा राहून ओरडायचा, "पानी सुटलं होऽऽ." पहिल्या बांधीतला माणूस तेच पुढच्याला ओरडून सांगायचा, तो त्याच्या पुढच्याला. बांधी म्हणजे चहूबाजूंनी मातीचा बांध घातलेलं धानाचं लहान शेत. पाणी एका बांधीतून दुसरीत जायचं, आणि निरोपही तसाच.

बापामागं पाणी सोडायचं काम माझ्याकडं आलं. गाव मला पाणकर म्हणतं. भंडाऱ्याकडं, दिघोरीच्या पुढं आमचं गाव. माझी शाळा चौथीपर्यंत. बकारामच्या चहाच्या टपरीवर मी जास्त ऐकतो, कमी बोलतो. पण किस्से तलावासारखे साचतात. कधीतरी तोंड उघडावंच लागतं.

*

पहिला किस्सा त्या आवाजाचाच.

शेवटची बांधी देवाजीच्या बापाची. देवाजी म्हणजे माझा बालमित्र. त्याची आजी, सारं गाव तिला नानी म्हणायचं, सहा महिने खाटेवर पडून होती. एकदा वारा उलटा होता. बारा तोंडांतून जाता जाता 'पानी सुटलं'चं झालं 'नानी उठली'.

देवाजीचा बाप हातातलं फावडं टाकून घराकडं पळाला. नानी खाटेवरच होती. तिनं एक डोळा उघडला.

"काहून गा धावत आला? बांधी फुटली काय?"

तोवर खरंच फुटली होती.

मग माझ्या बापानं नियम केला. शेवटच्या माणसानं उलट ओरडून सांगायचं, पाणी पोचलं, आणि बांधी कोणाची तेही सांगायचं. "पोचलं होऽऽ, नानीची बांधी होऽऽ." त्या किश्श्यावरून बांधीला नानीचं नाव पडलं. नानी गेली, तिचा मुलगा गेला, पण बांधीचं नाव तेच राहिलं. देवाजीचा मुलगा प्रशांत शाळेत होता तोवर हे उत्तर तोच द्यायचा. आवाज बारीक, पण थेट तलावापर्यंत यायचा. पुढं मोबाइल आले. आता मी देवाजीला फोन करतो.

*

प्रशांत दूर देशात वेल्डिंगच्या कामाला गेला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. देवाजीची बायको गेल्यापासून घरात दुसरा आवाज तोच होता.

मग तिकडं काहीतरी गडबड झाली, आणि तिथल्या सरकारनं नेटला कुलूप लावलं. साधा फोनही लागेना. सतरा दिवस झाले. टपरीवर कोणी त्या विषयाला हात लावत नव्हतं. देवाजी यायचा, चहा थंड करायचा आणि जायचा.

तेव्हा त्याची मुलगी पोर्णिमा नागपूरहून आली. ती कॉम्प्युटरच्या कामात आहे. येताना तिनं एक पेटी आणली. जेवणाच्या डब्याएवढी, वर एक दिवा.

"बाबा, याच्यातून दादाले निरोप धाडता येईल. मागं दादा आला होता तेव्हाच त्याच्या मोबाइलात याचं अ‍ॅप टाकून ठेवलं होतं. याले ब्लॉकचेन म्हनतात."

घरकुलासाठी बकारामनं तालुक्याला खूप चपला झिजवल्या आहेत. तो म्हणाला, "ब्लॉक आफिस मले मालूम हाय. चेन बी मालूम हाय, मोजनीवाले आनतात थे. पन पोरी, भावाचा फोन येवाले जमिनीची मोजनी काहून लागते?"

पोर्णिमा हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं. देवाजी मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "मोजनी करा लागत असन तं करू. अर्ज कोनाले द्याचा?"

*

मला तिनं बाजूला बसवून समजावलं.

"मोठेबाबा, तिकडचं सरकार मोठे दरवाजे बंद करते. पन अशा पेट्या देशोदेशी लोकाइच्या घरात हायेत. एक अडवली तं निरोप दुसरीतून जाते. अन् कोनती पेटी इमानदार, याची नोंद समद्यायजवळ सारखीच राहते. एकानं खोडली तं बाकीचे म्हनतात, खोटं हाय."

मी म्हणालो, "हे तं आपल्या पान्याच्या पाळीसारखं झालं."

कोणाच्या बांधीला कोणत्या दिवशी पाणी, हे आमच्याकडं सगळ्यांना पाठ असतं. एका वर्षी कोणी शहाण्यानं ठरवलं की पाळ्या वहीत लिहायच्या. वही बकारामच्या टपरीत ठेवली. ती वाळवीनं खाल्ली. आम्हाला ते दोन वर्षांनी कळलं.

"हेच तं, मोठेबाबा," पोर्णिमा म्हणाली. मी मान हलवली. घरी आलो तेव्हा परत काही समजत नव्हतं.

*

बकारामला एकच प्रश्न पडला होता.

"याचा मालक कोन?"

"कोनीच नाई, काका. समदे मिळून चालवतात."

"मंग साहेब?"

"साहेब बी नाई."

बकाराम चहा गाळता गाळता थांबला. "मंग बिघडलं तं शिव्या कोनाले द्याच्या?"



*

पेटी देवाजीच्या ओसरीत, खांबावर उंच बांधली. आमच्याकडं वीज येते-जाते, म्हणून देवाजीनं फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून तिला लावली. धानावर तुडतुड्यांची कीड पडली होती. मी म्हणालो, "फवारा मारून घे, मंग लाव." तो म्हणाला, "तुडतुडे थांबतीन." तुडतुडे थांबत नसतात, हे त्यालाही माहीत होतं.

दिवा पिवळा असला की पेटी शोधते आहे, हिरवा झाला की जोडली गेली, एवढं पोर्णिमानं त्याला शिकवलं. मग ती बँकेच्या कामाला भंडाऱ्याला गेली. इकडं दिवा पिवळाच. देवाजीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. अक्षरं मराठीत होती. मी एकेक जोडून वाचलं.

"शेजारी सापडला नाही."

देवाजी तसाच बाहेर पडला. त्याचं घर आणि बकारामची टपरी यांच्यात एकच भिंत. परत आला तो बकारामला दंडाला धरूनच. बकाराम बनियनवर, हातात चहाची गाळणी.

"बस इथं."

"कायले?"

"थे शोधून राहिली तुले."

बकाराम खांबाखाली बसला. गाळणीतून चहाचे थेंब पडत होते. आम्ही तिघं वर बघत राहिलो.

आणि दिवा हिरवा झाला.

संध्याकाळी पोर्णिमा आली. तिनं सांगितलं की शेजारी म्हणजे जगातली दुसरी एखादी पेटी, बकारामकाका नव्हे. देवाजीनं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दिवा पिवळा झाला तेव्हा बकाराम न बोलावता आला, येताना खुर्ची घेऊन आला. टपरीवरचं गिऱ्हाईकही मग ओसरीतच चहा मागू लागलं.

*

निरोप धाडायचा दिवस आला.

"बाबा, दहा सेकंदात बोला. लहान निरोप लवकर जाते."

देवाजीनं मोबाइल हातात घेतला. वीस दिवसांचं दहा सेकंदात काय बोलणार? माझ्याकडं पाहिलं. मग मोबाइल पोर्णिमाच्या हातात दिला, दोन्ही हात तोंडाशी लावले आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडला.

"पानी सुटलं होऽऽ."

बकाराम खुर्चीवरून पडता पडता राहिला. टपरीमागचं कुत्रं पळालं.

"बाबा, मोबाइल हाय थो," पोर्णिमा हळूच म्हणाली. पण तिनं तोच निरोप धाडला.

जरा वेळानं मोबाइलवर एक खूण आली. पोर्णिमा म्हणाली, "पोचलं."

देवाजी उठून उभा राहिला. "प्रशांतले?"

"नाई बाबा, पुढच्या पेटीले."

"मंग 'पोचलं' काहून म्हनते?"

"तिथवर पोचलं ना."

देवाजी परत बसला. म्हणाला, "पहिल्या बांधीत गेलं तं आपन पोचलं म्हनतो काय?"

पोर्णिमानं माझ्याकडं पाहिलं. पाण्याचा हिशेब मला कळतो, त्या पेटीचा नाही. एवढंच म्हणालो, "शेवटची बांधी लांब असते. वेळ लागते."

*

पाच दिवस गेले. देवाजीनं टपरीवर येणं सोडलं. तो ओसरीत बसायचा, समोर खुर्चीवर बकाराम. मी तलावाचं काम आटपून जायचो. त्याच्या बांधीची पाळी जवळ आली होती, म्हणून मी दोनदा आठवण करून दिली. त्यानं न ऐकल्यासारखं केलं.

सहावा दिवस त्याच्या पाळीचा. सकाळी मी पाणी सोडून त्याच्याकडं गेलो. पोर्णिमा ज्वारीचं पीठ चाळत होती. मोबाइल खाटेवर होता. तो वाजला, निरोप आला होता. देवाजीचा हात पुढं गेला आणि मध्येच थांबला. पोर्णिमानं पिठाच्या बोटानं दाबलं.

आधी नुसती घरघर. कुठलं यंत्र होतं की वारा, कळलं नाही. कोणीतरी खोकलं. मग एक आवाज आला, फाटलेला, लांबवलेला. आता तो बारीक नव्हता.

"पोचलं होऽऽ. नानीची बांधी होऽऽ."

आणि घरघर बंद झाली.

पोर्णिमानं तोंडावर हात ठेवला, गालाला पीठ लागलं. बकाराम एकदा माझ्याकडं, एकदा वर दिव्याकडं पाहत होता.

"काय म्हनला गा, देवाजी? बरा हाय काय? कधी येतो म्हनते?"

देवाजीनं खांबावरची फवारणीच्या पंपाची बॅटरी सोडवायला हात वर केला. मग खुर्चीवरच्या बकारामकडं पाहिलं आणि बॅटरी पेटीलाच राहू दिली. भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं, खांद्यावर टाकलं आणि बांधीच्या वाटेला लागला.